अक्काच्या तांदळातली पाखरं

आमच्या गच्चीवर आज शाली पसरल्यात. धुतलेल्या नाहीत, नुसतं ऊन देतोय. दोरीवर, कठड्यावर, मोडक्या बाजेवर, जिथं जागा मिळेल तिथं. लाल, जांभळ्या, मोरपंखी, काठाला चकाकणारी जर. शेजारच्या गच्चीवर कुरडया घालायला आलेल्या काकू त्या बघून थबकल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, केवढे सत्कार झाले हो तुमचे!" मी नुसता हसलो. घरात कसर झालीय, पाखरं उडतायत, हे सांगायला जीभ रेटेना. बायको मागून बादली घेऊन आली आणि म्हणाली, "हो ना, सगळे एकदम वाळत घातलेत." काकूंना काही कळलं नाही. मला कळलं.

मी शिक्षण खात्यात विस्तार अधिकारी होतो. भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरातल्या शाळा तपासत फिरायचं, हे काम. शाळा म्हटली की कार्यक्रम, आणि कार्यक्रम म्हटला की शाल-श्रीफळ. नारळ खाऊन संपतात, शालींचं काय करायचं? घरी आणायच्या, कपाटात टाकायच्या. कुणाला पुढं द्यायची तर तीच शाल फिरून आपल्याच खांद्यावर येईल ही भीती, कारण आमच्याकडं शाली अशाच गावभर फिरत असतात. शिवाय खोटं कशाला बोलू, मला ते कपाट उघडून बघायला आवडायचं. आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट, वरचे दोन कप्पे गच्च. माणूस निवृत्त झाला की त्याला असलं काहीतरी लागतं.

त्याच खोलीत, कपाटाच्या शेजारी, तांदळाचा पत्र्याचा पिंप असतो. स्वैपाकघर लहान, म्हणून. तांदूळ अक्काकडचा. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला गुंजवणीच्या खोऱ्यात दिली, वेल्ह्याच्या अलीकडं. भातखाचरं बेताची, पण आंबेमोहोर असा की शिजताना जिन्यापर्यंत वास यावा. भात भरडून आणला की पहिला वानोळा भावाला, हा तिचा नेम. मी लहान असताना ती मला कडेवर घेऊन ओढा ओलांडून शाळेत सोडायची, आणि लग्न झाल्यावर तांदूळ धाडायला लागली. माझ्या हिशेबी ती एकच गोष्ट चालू होती. पोत्यात कीड लागू नये म्हणून निरगुडीचा पाला घातलेला असायचा, आणि तांदूळ तिनं स्वतः चाळलेला, पाखडलेला. घरचं धान्य ही तिच्या हातातली गोष्ट. मालक गेल्यावर शेत मुलानं बघितलं, घर सुनेनं बघितलं, पण कणगीत हात घालायचा तो अक्कानं. धान्य बाहेर काढायचं तर आधी तिला विचारायचं. म्हातारीचं तेवढंच राज्य होतं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या आतल्या खोलीत पाखरं दिसायला लागली. बारकी, फिक्कट पिवळी, तुसासारखी. भिंतीवर बसलेली असायची आणि हात नेला की उडायची कमी, पळायची जास्त. मी पिंपाचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या कडेला एक बसलेलंच होतं. झालं! गुन्हेगार सापडला. तपासणीत मला कधी जास्त वेळ लागला नाही.

"तांदळाला पाखरू लागलंय," मी जाहीर केलं.

बायको येऊन बघून गेली. पिंपात हात घातला, मूठभर तांदूळ परातीत पसरला, बोटानं सारला. "अहो, जाळी कुठाय? गुठळी नाही, भुगा नाही. तांदळाची पाखरं दिव्याकडं धावतात. ही तर दिवा लावला की कपाटाच्या फटीत पळतायत. कपाट बघा तुमचं. मला वाटतं कसर आहे, लोकरीची."

"कपाटात डांबर गोळ्या टाकल्यात मी."

"कधी? निवृत्त झालात तेव्हा?"

मला राग आला. खरं म्हणजे गोळ्या कधी टाकल्या होत्या ते मलाही आठवेना, आणि राग त्याचाच होता. तिनं मोबाईलवर शोधून वाचूनही दाखवलं, की ही लोकरीची पाखरं अन्नाला तोंड लावत नाहीत, लोकर, रेशीम, पिसं असलंच खातात, आणि अंधारात, न हलवलेल्या घडीत राहतात. मी म्हणालो, मोबाईलवर काय वाट्टेल ते असतं. नोकरीभर मला एक खोड लागली होती. एकदा शेरा मारला की खोडायचा नाही. शाळेत खोडला तर मास्तर डोक्यावर बसतात, असं मी नव्या अधिकाऱ्यांना सांगायचो. घरात कोण मास्तर होतं, देव जाणे.

मी तांदूळ पोत्यात भरला आणि पलीकडच्या आळीत एकाकडं कोंबड्या आहेत, त्याच्या दारात नेऊन ठेवला. बायको म्हणाली, "वन्संनी दाणा न् दाणा पाखडून दिलेला आंबेमोहोर कोंबड्यांपुढं ओतलात! शाब्बास!" आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

पण तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी अक्काला फोन लावला.

अक्काला कमी ऐकू येतं. तिचा मोबाईल कायम मोठ्यानं बोलणारा ठेवलेला असतो, त्यामुळं तिच्याशी बोलणं म्हणजे तिच्या सगळ्या अंगणाशी बोलणं. हे मला माहीत होतं. तरी बोललो.

"अक्का, तुझ्या तांदळात पाखरं झालीत गं. घरभर उडतायत."

पलीकडं कोंबडा आरवला. मग ती म्हणाली, "व्हय का रं? म्या तर पाला घालून भरलं व्हतं. दोनदा चाळलं."

"पाल्यानं काय होतंय? ऊन नीट दिलं नसशील. ओल राहिली असेल. अक्का, आता वय झालं, डोळ्यांना दिसत नाही तर तसं सांगायचं."

वर मी तिला धान्य कसं साठवावं यावर भाषणही दिलं. तिला! जिनं मला तांदूळ निवडताना खडा कसा ओळखायचा ते शिकवलं. ती मध्ये मध्ये "व्हय", "व्हय" म्हणत राहिली. शेवटी म्हणाली, "चुकलं आसंल माझं. तू टाकून दे, बाबा. पोरांना नगं खाऊ घालू." पोरं केव्हाच पुण्याला गेलीत, पण तिच्या लेखी आमच्या घरात पोरं आहेतच. फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं, हे लिहिताना कानाच्या पाळ्या तापतायत. काम निपटल्यासारखं बरं वाटलं.

तांदूळ गेला, पिंप घासून उन्हात उपडा घातला, तरी पाखरं गेली नाहीत. मी म्हणालो, मागं राहिलेली असतील. दिवाळीत स्वेटर काढला तर कोपराला भोकं. मी म्हणालो, जुनाच होता. बायको माझ्याकडं नुसती बघायची. आता ती बोलत नव्हती, आणि ती बोलत नाही म्हणजे काय ते लग्नाला इतकी वर्षं झालेल्या कुणालाही कळतं.

हिवाळ्यात तांदूळ आला. भाचा टेम्पोतून नसरापूरला माल घेऊन आला होता, तिथून भोरला येऊन पोतं टाकून गेला. पोत्याचं तोंड मशीननं शिवलेलं. उघडलं तर पाला नाही, औषधाच्या गोळ्यांच्या पुड्या आणि त्यांचा उग्र वास. मी अक्काला फोन केला.

"आता सून बघतीया धान्याचं," अक्का म्हणाली. "मला दिसत न्हाई म्हणं. तुझ्याकडं पाखरं झाली न्हवं का, तवापासनं. बराबर हाय त्यांचं बी. म्या आपली बसून आस्ती."

"मग करतेस काय दिवसभर?"

"बसती की."

बसती की. कुणी म्हाताऱ्या माणसानं आरामात बसावं यात वाईट काय, असं मी स्वतःला समजावलं. सून काही वाईट नाही. सरळ बाई आहे, सासूला गरम खायला घालते, दवाखान्यात नेते. तिनं फोनवर अंगणात उभं राहून मामांचं बोलणं ऐकलं होतं, आणि मामा म्हणजे साहेब माणूस. साहेबांनी सांगितलं की दिसत नाही, म्हणजे दिसत नसणारच. तिनं माझा शेरा तेवढा अंमलात आणला होता.

मग या उन्हाळ्यात अक्काची पंच्याहत्तरी आली. भाच्यानं मोठा बेत केला. अंगणात मांडव, पानशेतच्या एका हॉटेलवाल्याकडून खुर्च्या आणि माईक, गावजेवण, बायकांनी दिव्यांनी ओवाळायचं, आणि मामांनी शाल घालायची. शाल घालायचा मान माझा, यात कुणाला विचारायचंही कारण नव्हतं.

मी कपाट उघडलं. नवी विकत आणता आली असती. बायको म्हणाली सुद्धा, "चला, बाजारात जाऊ." पण माझ्या डोक्यात दुसरंच होतं. माझ्या निरोपाच्या कार्यक्रमात खांद्यावर शालींचा इतका ढीग झाला, की एक शाल शिक्षकांनी खोक्यासकटच माझ्या हातात दिली होती. खरी लोकर, डोंगराकडच्या थंड मुलुखातनं मागवलेली, तपकिरी, काठाला बारीक वेलबुट्टी. माझ्या सगळ्या शालींत तेवढी एकच अस्सल. खोक्याला वरून पारदर्शक खिडकी होती, तिच्यातून घडी दिसायची. ती मी कधी अंगावर घेतली नाही. कशासाठी ठेवली होती कोण जाणे. आता वाटलं, अक्कासाठीच ठेवली होती. आपल्यात जीवाच्या माणसाला नव्या वस्त्राची घडी मोडायला देतात. हिची घडी अक्कानं मोडायची. मला माझंच कौतुक वाटलं, आणि कुठंतरी फोनवरच्या त्या बोलण्याची फेड झाल्यासारखंही वाटलं.

"एकदा उघडून तर बघा," बायको म्हणाली.

"घडी मोडायची नाहीये!" मी ओरडलो. "तुला कळत कसं नाही?"

कापूरहोळ, कामथडी, नसरापूर करत आम्ही पोचलो तेव्हा मांडव भरला होता. अक्का हिरव्या नऊवारीत खुर्चीवर बसलेली. एवढीशी झाली होती. पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नव्हते. गळ्यात झेंडूचा हार, आणि हात मांडीवर असे ठेवलेले, की त्यांचं काय करायचं ते तिला समजत नसावं. मला बघून ती ओळखीचं हसू हसली आणि तिनं विचारलं, "जेवलास का?" कार्यक्रम सुरू व्हायचा होता, जेवणाची पंगत तर फारच लांब.

भाच्यानं माईक माझ्या हातात दिला. मी बोललो, आणि मला चांगलं बोलता येतं. ओढ्याची गोष्ट सांगितली, कडेवर बसून शाळेत गेल्याची. बायकांनी डोळे पुसले. मग मी खोकं उचलून सगळ्यांना दाखवलं. "ही साधी शाल नाही. शंभर टक्के लोकर आहे. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली शाल मी वापरली नाही, घडी मोडली नाही. ही घडी आज अक्का मोडणार!"

टाळ्या पडल्या. एका हातात माईक, म्हणून बायकोनं दुसरं टोक धरलं, आणि आम्ही शाल उलगडली.

वरची घडी तेवढी धड होती. आतली शाल म्हणजे चाळण. मांडवाच्या कापडातून येणारं ऊन तिच्यातून पलीकडं गेलं. घडीघडीतून भुसा सांडला, अळ्यांच्या पांढऱ्या कापसासारख्या नळ्या अक्काच्या हिरव्या लुगड्यावर पडल्या, आणि बारकी पिवळी पाखरं बाहेर पडून उजेडाला घाबरल्यासारखी तिच्या पदरात पळाली. टाळ्या एकदम नाही थांबल्या. पुढच्या थांबल्या, मागं वाजत राहिल्या, कारण मागं काय झालं ते कळलं नव्हतं. कुणीतरी फिस्सकन हसलं. बायकोनं धरलेलं टोक सोडलं नाही, पण मान खाली घातली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं जे म्हणतात, ते मला आजवर नाटकी वाटायचं.

अक्कानं शाल खांद्यावर ओढून घेतली. मला वाटलं, माझी अब्रू झाकतेय. तसं नव्हतं. तिनं पदरावरचं एक पाखरू चिमटीत धरलं. डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं, उजेडात फिरवून बघितलं. जिला दिसत नाही म्हणून आम्ही बसवून ठेवलं होतं, तिनं ते पाखरू पळताना चिमटीत धरलं होतं.

"भाऊ," ती म्हणाली, "हेच का रं ते पाखरू? तुझ्या घरी झाल्यालं?"

माईक माझ्या हातात, आणि तो चालू. तिचा प्रश्न कर्ण्यातून साऱ्या मांडवाला ऐकू गेला. सांगता आलं असतं, की नाही, हे वेगळं. ते तांदळाचं, हे लोकरीचं. कुणी शहानिशा करणार होतं थोडंच? मी बायकोकडं बघितलं. तिनं वर बघितलं नाही. मी अधिकारी म्हणून शुद्ध बोलतो, पण त्या वेळी तोंडातून निघालं, "व्हय."

"कपाटातलं?"

"व्हय अक्का. तांदळात कायच नव्हतं."

हेही कर्ण्यातून गेलं.

आता ती चिडेल, रडेल, निदान मान फिरवेल, असं मला वाटलं. मला तेच हवं होतं. तिनं काय केलं तर ती हसली. तोंडभर, हिरड्या दिसेपर्यंत हसली. खुर्चीवरून घसरून खाली उतरली आणि सुनेला हाक मारली, "ए सूनबाई! आयकलंस का गं? ह्यो म्हणतोय तांदळात कायबी न्हवतं! आपल्या तांदळातलं न्हाई ते, त्याच्या कपाटातलं हाय! आग, माझं चुकलंच न्हवतं!" मग मांडवातल्या बायकांना सांगायला लागली, एकेकीचा हात धरून. "बघा, भावाच्या शालीत व्हतं. माझ्या तांदळात न्हाई." तिला माझी फजिती दिसतच नव्हती. ती इतकी खूश होती, की मला कुठं बघावं ते कळेना. तेवढ्या महिन्यांत तिनं मला एका शब्दानं विचारलं नव्हतं, आणि आत काय साठवून बसली होती ते आता त्या हसण्यावरनं कळत होतं.

सून पुढं आली. तिचे डोळे भरले होते. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आई, चुकलं माझं." चुकलं कुणाचं, आणि माफी मागतंय कोण! मी माईक खाली ठेवला.

ओवाळायचं राहिलं बाजूला. अक्का हार घातलेली, ती भोकाभोकांची शाल पांघरलेली, तशीच घरात गेली. कणगीच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला. मी दारात जाऊन उभा राहिलो. तिनं कोपरापर्यंत हात धान्यात घातला होता आणि डोळे मिटले होते. मग औषधाच्या पुड्या एकेक काढून बाहेर टाकत सुनेला म्हणाली, "जा, निरगुडी तोडून आण. लई दिस झालं." सून पाहुण्यांना सोडून खरंच गेली.

संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा तिनं पोतं बांधून ठेवलं होतं. पाला घातलेला, तोंड सुतळीनं बांधलेलं, तिच्या हातच्या गाठीचं. मी म्हणालो, "अक्का, मला नको. मी कोंबड्यांना घातला होता तुझा तांदूळ." हे तिला माहीत नव्हतं. ते सांगितल्याशिवाय मला पोत्याला हात लावता येईना.

शाल अजून तिच्या खांद्यावर होती. कितीदा मागितली, तिनं काढून दिली नाही.

"खाल्ला का कोंबड्यांनी?" तिनं विचारलं.

"खाल्ला."

"मग झालं की." तिनं पोतं पायानं माझ्याकडं सरकवलं, आणि मी गाडीत ठेवायला वाकलो तशी बारीक आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, म्हणाली, "पन भाऊ, येक कर. कपाटापासनं लांब ठेव. तुझ्या घरातली पाखरं माझ्या तांदळाला लागतील."

लोकरीची पाखरं तांदळाला लागत नाहीत. हे मला तोवर पाठ झालं होतं. बायको गाडीत बसून माझ्याकडं बघत होती, आता हा बोलतो की काय म्हणून.

"व्हय अक्का," मी म्हणालो. "लांब ठेवतो."